स्फोटापेक्षा दुधाचा ग्लास महाग पडला! चेर्नोबिलनंतर माणसांचं आणि मातीचं नेमकं काय झालं?

चेर्नोबिल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? प्रिप्यात शहरातला तो गंजलेला पिवळा आकाशपाळणा, ओसाड शाळा, आणि फीडवर अधूनमधून फिरणारी दोन तोंडांच्या वासराची रील.

पण या अपघातात सर्वसामान्य लोकांच्या आरोग्याचं जे सगळ्यात मोठं आणि पक्कं सिद्ध झालेलं नुकसान आहे, त्याचं कारण यातल्या कुठल्याच फोटोत दिसत नाही. ते कारण म्हणजे गाईचं ताजं दूध.

ऐकायला विचित्र वाटतं ना? पण अणुअपघातानंतर किरणोत्सर्ग माणसापर्यंत कसा पोहोचतो हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात त्या दुधापासूनच करावी लागते.

आधी अपघाताबद्दल थोडक्यात. २६ एप्रिल १९८६, रात्री १ वाजून २३ मिनिटं. तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुऊर्जा केंद्रात चौथ्या क्रमांकाच्या अणुभट्टीवर एक सुरक्षा चाचणी चालू होती. चाचणीदरम्यान भट्टीची शक्ती अचानक प्रचंड वाढली, वाफेच्या दाबाने भट्टीचं झाकणच उडालं आणि आतला ग्रॅफाइट पेटला. हा अणुबॉम्बसारखा स्फोट नव्हता, हे लक्षात घ्या. पण भट्टी उघडी पडली आणि पुढचे जवळपास दहा दिवस तिच्यातून किरणोत्सारी धूर आणि धूळ वर जात राहिली.

केंद्रापासून जेमतेम तीन किलोमीटरवर प्रिप्यात हे शहर होतं. वस्ती सुमारे ४९ हजार. त्यांना बाहेर काढलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे जवळपास दीड दिवसाने. "तीन दिवसांपुरतं सामान घ्या" असं सांगितलं होतं. ते लोक पुन्हा तिथे राहायला कधीच गेले नाहीत.

जगाला मात्र काहीच कळलं नव्हतं. २८ एप्रिलला हजार किलोमीटरहून लांब, स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुऊर्जा केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे किरणोत्सर्गाचा अलार्म वाजला. गळती आपल्याच केंद्रात झाली असं त्यांना आधी वाटलं. मग वाऱ्याची दिशा तपासली आणि बोट सोव्हिएत संघाकडे वळलं. त्या रात्री मॉस्कोने चार ओळींचं निवेदन काढून अपघात झाल्याचं मान्य केलं. १ मे रोजी कीव शहरात कामगार दिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली, त्यात शाळकरी मुलंही होती. गोर्बाचेव्ह टीव्हीवर येऊन बोलले ते थेट १४ मे रोजी.

या तारखा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच अडीच आठवड्यांवर उभी आहे.

शरीर फसतं ते इथे

भट्टीतून शंभराहून अधिक प्रकारची किरणोत्सारी मूलद्रव्यं बाहेर पडली. बहुतेक काही तासांत किंवा दिवसांत संपली. माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती तीन: आयोडीन-१३१, सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०.

ही तिन्ही घातक ठरतात, कारण शरीर त्यांना ओळखीचं समजतं. आयोडीन तर आपल्याला हवंच असतं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी ते खेचून साठवते, आणि साठवताना साधं आयोडीन कुठलं आणि किरणोत्सारी कुठलं हे तिला कळत नाही. सीझियमचं वागणं पोटॅशियमसारखं, म्हणून ते स्नायूंमध्ये पसरतं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्धायुष्य. एखाद्या किरणोत्सारी पदार्थाचं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य फक्त आठ दिवस. सीझियम-१३७ चं तीस वर्षं आणि स्ट्रॉन्शियम-९० चंही जवळपास तेवढंच.

म्हणजे आयोडीन हा थोड्या दिवसांचा पण तिखट पाहुणा, आणि सीझियम हा भाडेकरू. एकदा आला की दोन पिढ्या जागा सोडत नाही.

गवत, गाय, दूध, गळा

एप्रिलचा शेवट म्हणजे तिकडे थंडी संपून गाई पुन्हा कुरणावर चरायला लागण्याचा काळ. हवेतलं आयोडीन कोवळ्या गवतावर बसलं. एक गाय दिवसभरात केवढं रान चरते! त्या सगळ्या गवतावरचं आयोडीन तिच्या पोटात जमा झालं आणि एक-दोन दिवसांत दुधात उतरलं. म्हणजे विखुरलेलं विष गोळा करून ग्लासात आणून देण्याचं काम गाईने नकळत केलं.

आता हे दूध सगळ्यात जास्त कोण पिणार? लहान मुलं. आणि मुलांची थायरॉईड असते इवलीशी. तेवढंच आयोडीन मोठ्या माणसाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या गळ्यात गेलं, तर लहान ग्रंथीला मिळणारा मारा कितीतरी पट जास्त. त्यात बेलारूस आणि उत्तर युक्रेनच्या त्या भागात लोकांच्या आहारात आधीपासूनच आयोडीन कमी होतं. भुकेल्या थायरॉईडने मिळालं ते अधाशासारखं ओढून घेतलं.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल. दूध उकळून प्यायलं तर? नाही. उकळल्याने जंतू मरतात, किरणोत्सर्ग नाही. अणूला तापमानाशी काही देणंघेणं नसतं.

पण उपाय होता, आणि तो हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता. ताजं दूध काही आठवडे पिऊ नका. ते वाया घालवायचीही गरज नव्हती. त्याची पावडर किंवा चीज करून ठेवून दिलं असतं, तरी ऐंशी दिवसांत, म्हणजे दहा अर्धायुष्यांत, त्यातलं किरणोत्सारी आयोडीन हजाराव्या हिश्श्यावर आलं असतं. गाईंना कुरणाऐवजी गोठ्यात आदल्या वर्षीचा वाळका चारा घातला असता, तरी खूप फरक पडला असता. यासाठी कुठलं यंत्र लागत नव्हतं. फक्त लोकांना सांगावं लागत होतं.

तेच झालं नाही. सोव्हिएत आरोग्य खात्याने दुधातल्या आयोडीनवर मर्यादा घातली ती मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि खेड्यात घरची गाय असणाऱ्यांपर्यंत ती कितपत पोहोचली हा प्रश्नच आहे. प्रिप्यातमध्ये बऱ्याच जणांना आयोडीनच्या गोळ्या तरी मिळाल्या होत्या. दोनशे किलोमीटरवरच्या खेड्यातल्या मुलाला गोळीही मिळाली नाही आणि सूचनाही नाही.

शेजारच्या पोलंडची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. मॉस्कोकडून माहिती येईल याची वाट न पाहता पोलंडने स्वतःच्या मोजमापांवर भरवसा ठेवला. २९ एप्रिलपासून काही दिवसांतच एक कोटीहून जास्त मुलांना आणि सुमारे सत्तर लाख प्रौढांना आयोडीनचा डोस दिला. गाईंना कुरणावर सोडण्यावर आणि मुलांना ताजं दूध देण्यावर बंधनं घातली. पोलंडवर पडलेलं प्रदूषण बेलारूसपेक्षा कमी होतं हे खरं, पण तेव्हा तो देशही सोव्हिएत गोटातलाच होता, हे विसरून चालणार नाही.

परिणाम दिसायला चार-पाच वर्षं लागली. १९९० च्या सुमारास बेलारूसमध्ये, विशेषतः गोमेल भागात, मुलांमध्ये थायरॉईडचा कॅन्सर वाढू लागला. एरवी हा आजार लहान मुलांत अत्यंत दुर्मीळ. १९९२ मध्ये बेलारूसच्या डॉक्टरांनी 'नेचर'मध्ये आकडे दिले, तेव्हा पाश्चात्त्य तज्ज्ञांपैकी अनेकांनी शंका घेतली. इतक्या लवकर कॅन्सर कसा होईल? तपासण्या वाढल्यामुळे जास्त सापडत असतील! पुढच्या काही वर्षांत ती शंका मावळली.

अपघाताच्या वेळी १८ वर्षांखालचे असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचे सहा हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. २०१५ पर्यंत हा आकडा १९ हजारांच्या आसपास गेला. यातले सगळेच चेर्नोबिलमुळे नाहीत. वय वाढलं की हा आजार तसाही वाढतो, आणि तपासण्याही वाढल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक समितीच्या अंदाजाने साधारण एक चतुर्थांश रुग्णांचा आजार किरणोत्सर्गाशी जोडता येतो.

सुदैव इतकंच की या कॅन्सरवर उपचार चांगले आहेत. २००५ पर्यंत या रुग्णांपैकी १५ जण दगावले. बाकीच्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रियेचा आडवा व्रण राहिला, ज्याला तिकडे 'चेर्नोबिलचा नेकलेस' म्हणतात, आणि आयुष्यभर रोज सकाळी थायरॉईडची गोळी.

पाऊस जिथे पडला तिथे

आयोडीन त्या उन्हाळ्यातच संपलं. सीझियमची गोष्ट वेगळी.

नकाशावर अणुभट्टीभोवती गोल गोल वर्तुळं काढली की आपल्याला वाटतं, जवळ तितकं धोक्याचं आणि लांब तितकं सुरक्षित. प्रत्यक्षात चेर्नोबिलचा नकाशा बिबट्याच्या कातड्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा आहे. ढग गेला पण पाऊस पडला नाही, तिथली जमीन बरीचशी वाचली. ढग असताना पाऊस पडला, तिथे सीझियम मातीत उतरलं. त्यामुळेच केंद्रापासून दोनशे किलोमीटरवर, बेलारूस आणि रशियाच्या सीमेवर, प्रदूषणाचा एक मोठा डाग आहे. बेलारूस, युक्रेन आणि रशिया मिळून सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जमीन प्रदूषित म्हणून नोंदली गेली. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राएवढी.

पण पाऊस सीमा कुठे ओळखतो? ब्रिटनमध्ये वेल्सच्या डोंगरांवर तो पडला आणि तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंधनं आली. सुरुवातीला काही आठवड्यांचीच बाब आहे असं शेतकऱ्यांना सांगितलं होतं. शेवटची बंधनं उठली २०१२ मध्ये, म्हणजे तब्बल २६ वर्षांनी! कारण डोंगराळ, पालापाचोळ्याच्या आम्लयुक्त जमिनीत सीझियम खोल जात नाही. मुळं ते उचलतात, मेंढी ते खाते आणि लेंडीवाटे परत मातीत टाकते. चिकणमातीची शेतजमीन सीझियम घट्ट धरून ठेवते, म्हणून शेतातली पिकं लवकर सुधारली आणि जंगलं मात्र अडकून पडली.

नॉर्वे-स्वीडनमध्ये फटका बसला रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांना. रेनडिअर हिवाळ्यात खातात ते एक प्रकारचं दगडफूल, आपण गोडा मसाल्यात घालतो त्याच कुळातलं. दगडफुलाला मुळं नसतात; ते सगळं पोषण हवेतून आणि पावसातून घेतं, त्यामुळे सीझियमही थेट शोषलं गेलं. मग तिथे एक भन्नाट उपाय केला गेला. प्रशियन ब्लू, म्हणजे चित्रकार वापरतात तो निळा रंग, जनावरांच्या चाटणाच्या मिठात मिसळून दिला. हा रंग आतड्यात सीझियमला धरून ठेवतो आणि ते शेणावाटे बाहेर पडतं.

जर्मनीच्या बव्हेरियातली रानडुकरं तर आजही मर्यादा ओलांडतात. तिथे किलोमागे ६०० बेकरेलपर्यंतचं मांस विकता येतं. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन. हरणांमधलं प्रमाण घटत गेलं, डुकरांमधलं घटेना. कारण डुकरं जमीन उकरून आत वाढणारी रानटी अळंबी खातात, आणि सीझियम हळूहळू झिरपत आता त्याच थरात पोहोचलंय. २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने आणखी एक धक्का दिला. त्या डुकरांमधलं बरंचसं सीझियम चेर्नोबिलचं नाहीच, तर १९५०-६० च्या दशकांतल्या उघड्यावरच्या अणुबॉम्ब चाचण्यांचं आहे.

आणि हो, हे प्रकरण मुंबईपर्यंतही आलं होतं. युरोपकडून मदत म्हणून आलेलं आयर्लंडचं लोणी चेर्नोबिलमुळे दूषित आहे, ते वाटू नका, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने लोणी खायला सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि १९८८ मध्ये त्यावर पडदा पडला. त्या वेळी मुंबईकरांनी घेतलेली शंका मला तरी चुकीची वाटत नाही. उत्तर मोजमापातून मिळालं, हे महत्त्वाचं.

मेले किती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तरं सगळ्यात जास्त भरकटतात.

पक्के आकडे असे. स्फोटामुळे लगेच दोन कामगार गेले. आग विझवायला गेलेले जवान आणि कर्मचारी यांच्यापैकी १३४ जणांना किरणोत्सर्गाचा तीव्र आजार झाला. त्यातले २८ जण पुढच्या काही महिन्यांत गेले. त्यांची अस्थिमज्जा निकामी झाली होती, त्वचा भाजून निघाली होती.

त्यानंतर १९९० पर्यंत सुमारे सहा लाख लोक सफाईच्या कामाला लावले गेले. त्यांना 'लिक्विडेटर' म्हणतात. कोणी छतावरचा ग्रॅफाइट फावड्याने ढकलत होतं, कोणी गावंच्या गावं पुरत होतं. त्यांच्यात रक्ताचा कॅन्सर आणि मोतीबिंदू यांचं प्रमाण वाढल्याचे पुरावे आहेत.

खरा वाद आहे तो पुढच्या कॅन्सरबद्दल. २००५ च्या चेर्नोबिल फोरमचा अंदाज होता की सर्वाधिक मारा झालेल्या सहा लाख लोकांमध्ये अखेरीस चार हजारांपर्यंत जादा मृत्यू होतील. ग्रीनपीसने २००६ मध्ये ९३ हजार हा आकडा दिला. इतकी तफावत का? एकतर कोणी किती लोकसंख्या धरली यावर आकडा बदलतो. दुसरं म्हणजे अगदी कमी मात्रेचा परिणाम थेट मोजताच येत नाही. एरवीही साधारण चारपैकी एक माणूस कॅन्सरने जातो. त्या गर्दीत चेर्नोबिलचा रुग्ण वेगळा दिसत नाही. त्यामुळे हे मोजलेले नाहीत, हिशोब करून काढलेले आकडे आहेत. कोणी एकच आकडा छातीठोकपणे सांगत असेल, तर थोडं थांबा.

मात्रेचा अंदाज हवा असेल तर हे पाहा. निसर्गातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. एका सीटी स्कॅनमध्ये साधारण १०. प्रदूषित भागात राहिलेल्या साठेक लाख लोकांना वीस वर्षांत मिळून सरासरी ९ मिलिसिव्हर्ट जादा मिळाला, बाहेर काढलेल्यांना सुमारे ३०, लिक्विडेटरना सुमारे १२०. अर्थात ही संपूर्ण शरीराची सरासरी झाली. दूध प्यायलेल्या मुलाच्या थायरॉईडची कहाणी या सरासरीत लपून जाते.

भीतीचाही आजार झाला

१९८६ मध्ये १ लाख १६ हजार आणि पुढे आणखी दोन लाखांहून जास्त लोकांची घरं सुटली. नवीन गावात त्यांच्याकडे संशयाने बघितलं जायचं, आणि लग्न जुळवताना हा मुद्दा निघायचा. चेर्नोबिल फोरमने तर मानसिक आरोग्याचा प्रश्न हाच या अपघाताने निर्माण केलेला सार्वजनिक आरोग्याचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हटलं.

ग्रीसचं उदाहरण अंगावर येतं. तिथे पोहोचलेला किरणोत्सर्ग फारच कमी होता. पण अफवा, घाबरवणाऱ्या बातम्या आणि डॉक्टरांचेही चुकीचे सल्ले यामुळे, एका अभ्यासानुसार, सुमारे अडीच हजार हव्या असलेल्या गर्भधारणा गर्भपात करून थांबवल्या गेल्या.

पुढच्या पिढीचं काय? लिक्विडेटर आणि विस्थापित पालकांच्या १३० मुलांची संपूर्ण जनुकीय तपासणी झाली. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात आईवडिलांना बसलेल्या माऱ्यामुळे मुलांमध्ये नवीन जनुकीय बदल वाढल्याचं दिसलं नाही.

मग त्या रीलमधलं वासरू? व्यंग असलेली वासरं जगात सगळीकडे जन्मतात. आपल्याकडेही एखाद्या गावात असं वासरू झालं की पेपरात फोटो येतो. चेर्नोबिलच्या जंगलात दिसलं ते वेगळंच. स्फोटानंतर लगतची पाइनची झाडं तांबूस होऊन मेली. तेच 'रेड फॉरेस्ट'. पण माणूस निघून गेल्यावर उरलेल्या परिसरात हरणं, एल्क, रानडुकरं फोफावली, आणि बेलारूसच्या बाजूला लांडगे इतर अभयारण्यांपेक्षा सात पट जास्त मोजले गेले. याचा अर्थ किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे असा नाही. तिथल्या पाकोळ्यांच्या पिसांत पांढरे डाग आणि इतर दोष आढळल्याचे अभ्यास आहेत, आणि त्यावर शास्त्रज्ञांमध्ये वादही आहेत. अर्थ इतकाच की शिकार, शेती आणि रस्ते यांचा त्रास प्राण्यांना त्याहून जास्त होत होता.

मिठाची पोती आणि बीटाडीन

२०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला. तिथे दूध आणि पालेभाज्यांवर काही दिवसांतच बंदी आली, दीड लाखांहून जास्त लोक हलवले गेले आणि मुलांच्या थायरॉईडवरचा मारा चेर्नोबिलच्या तुलनेत फार कमी राहिला. पण हलवाहलवीतच कितीतरी वृद्ध आणि आजारी माणसं दगावली. धावपळीमुळे आणि विस्थापनामुळे झालेल्या मृत्यूंची फुकुशिमा प्रांतातली नोंद दोन हजारांच्या वर आहे.

त्याच आठवड्यात आशियाभर बीबीसीच्या नावाने एक खोटा मेसेज फिरला: किरणोत्सर्गी पाऊस येतोय, गळ्याला बीटाडीन चोळा. चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठाची दुकानं रिकामी केली. जरा हिशोब करू. अशा वेळी प्रौढाला साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन लागतं. आपल्या मिठात किलोमागे ते १५ ते ३० मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका डोससाठी तीन ते साडेसहा किलो मीठ एका बैठकीत खावं लागेल! आणि बीटाडीन ही जखमेवर लावायची गोष्ट आहे.

आयोडीनची खरी गोळी उपयोगाची असते, पण ती ढग येण्याच्या थोडी आधी किंवा लगेच नंतर घ्यावी लागते, आणि ती फक्त थायरॉईड वाचवते. सीझियमवर तिचा शून्य परिणाम. म्हणून ती यंत्रणेने सांगितल्यावरच घ्यायची. आपल्याकडे तारापूरसारख्या केंद्रांभोवती १६ किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आपत्कालीन आराखडा असतो, त्यातही या गोळ्या येतात. सुरुवातीच्या तासांत घरात थांबणं, दारं-खिडक्या बंद ठेवणं, बाहेरून आल्यावर कपडे बदलून अंघोळ करणं आणि उघड्यावरचं काही न खाणं, हे सगळ्यात कामाचं.

आज चेर्नोबिलमध्ये काय चालू आहे? त्याच केंद्रातल्या इतर अणुभट्ट्या २००० सालापर्यंत वीज बनवत होत्या, हे वाचून अनेकांना धक्का बसतो. फुटलेल्या भट्टीवर २०१६ मध्ये प्रचंड पोलादी कमान सरकवली गेली. २०२२ मध्ये रशियन सैन्य काही आठवडे तिथे ठाण मांडून होतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एका ड्रोनने त्या कमानीला भोक पाडलं. १९८६ मध्ये पडलेल्या सीझियमपैकी २०२६ मध्येही साधारण ४० टक्के शिल्लक आहे.

आणि बंदी असलेल्या त्या पट्ट्यात काही वृद्ध बायका अजूनही राहतात. हलवल्यानंतर काही महिन्यांतच त्या चोरवाटांनी आपल्या घरी परतल्या होत्या. त्या बटाटे लावतात, कोंबड्या पाळतात, आणि जंगलातून अळंबी गोळा करून आणतात.